एकशे दहा पावलांवरचा सूर

मेजरसाहेबांची आणि माझी ओळख एका तक्रारीमुळे झाली. तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हती, आमच्या ट्रान्सफॉर्मरविरुद्ध होती. मी तेव्हा बोर्ली पंचतनला वायरमन म्हणून नवा आलो होतो. दिवेआगरहून निरोप आला की समुद्राकडच्या वाडीजवळचा ट्रान्सफॉर्मर रोज दुपारी चारनंतर घूं घूं करतो, कधीही उडेल, लवकर या. मी शिडी, हातमोजे, टेस्टर घेऊन पोहोचलो. घूं चालूच होतं. नियमाप्रमाणे लाइन बंद केली. तरी घूं चालूच. वीज तोडल्यावरही गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

आवाजाचा माग काढत सुपारीच्या वाडीत शिरलो, तर एक गृहस्थ बनियन आणि खाकी हाफपँटमध्ये ताठ उभे. काखेत एक फुगलेली पिशवी, खांद्यावर तीन लाकडी नळ्या, आणि त्यातली सगळ्यात लांब नळी ते एका हातानं हळूहळू वर सरकवत होते. मी हातमोजे घालून समोर उभा आहे हे त्यांना दिसलं होतं, पण सूर जुळेपर्यंत ते थांबले नाहीत. मग पिशवी सैल सोडली आणि म्हणाले, "लाइन तुम्ही बंद केलीत काय?"

"हो. ट्रान्सफॉर्मर आवाज करतो अशी तक्रार होती."

"करतो ना. पन माज्या बाजापेक्षा त्याचा सूर जरा खाली हाय. मी रोज जुळवून बघतो, न्हाय जुळत. तुमच्याकडून काय करता येतंय का?"

अशी आमची गाठ पडली. पाइप मेजर काशिराम सोनू जाधव यांचा यंदा अमृतमहोत्सव. गौरवग्रंथाच्या समितीनं मला 'मेजरसाहेबांच्या संगीतकार्याचा परामर्श' घ्यायला सांगितलं आहे. मी नोकरीभर लिहिलं ते तक्रारवहीत, आणि तिथे दोन ओळींच्या वर लिहिलं तर साहेब विचारतात, काय कादंबरी लिहितोस काय. तेव्हा सांभाळून घ्यावं. लेखाच्या शेवटी एक विनंती मात्र आहे. मधला भाग गाळलात तरी ती वाचल्याशिवाय पान उलटू नका.

प्रथम एक खुलासा, कारण तो मी केला नाही तर ते स्वतः करतील. ते मेजर नव्हेत. पलटणीच्या पाइप बँडचा जो म्होरक्या असतो त्याला पाइप मेजर म्हणतात. गावानं त्यातला पाइप गाळला आणि मेजर ठेवला. एका स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनाला निवेदकानं "आपल्या भूमीचे सुपुत्र मेजर जाधव" असं म्हटलं, तेव्हा हे व्यासपीठावर चढले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी मेजर न्हाय. मेजरसाहेब आमच्या लय वर असतात. मी बाजा वाजवायचो." एवढं बोलून सलाम करून खाली उतरले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. गावानं त्यांना मेजर म्हणणं काही सोडलं नाही, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती करणं त्यांनीही सोडलं नाही.

अठराव्या वर्षी ते पलटणीत भरती झाले. घरी शेत दुसऱ्याचं आणि कष्ट आपले. छाती फुगवून दाखव म्हटल्यावर यांनी एवढी फुगवली की मोजणाऱ्यानं त्यांना थेट बँडाच्या उस्तादांकडे पाठवलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. हा बाजा, म्हणजे बॅगपाइप, मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला. गोऱ्या पलटणींबरोबर इकडे आला आणि गोरे गेले तरी राहिला. मेजरसाहेब स्कॉटलंडला कधी गेले नाहीत. पण तिथल्या दऱ्या, तिथली धुक्यातली तळी, तिथल्या लढाया यांच्या नावाच्या चाली त्यांना पाठ आहेत, आणि त्यांची नावं ते आपल्या तालुक्यातल्या गावांची घ्यावीत इतक्या सहज घेतात. निवृत्त होऊन दिवेआगरला परतल्यावर बुद्धपौर्णिमेला विहारासमोर, गणपतीला विसर्जनाच्या वाटेवर, आणि बोलावलं तर कुणाच्याही लग्नात ते वाजवत राहिले. बोलावणं कुणाकडून आलं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. वेळेवर आलं का, एवढंच पाहिलं.

आता कासमभाईंना या लेखात आणतो. ते आल्याशिवाय मेजरसाहेबांवर लिहिता येत नाही.

कासमभाई बोर्लीचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात दोन महिने अडकलं. तिथल्या गोदीत काम करणारा एक म्हातारा सुतार जेवणाच्या सुट्टीत पाच तारांचा बेंजो वाजवायचा. आपल्याकडच्या बेंजो पार्टीत असतो तो बटणांचा बेंजो वेगळा. हा गोल, कातड्यानं मढवलेला, लांब दांड्याचा, बोटांनी छेडायचा. कासमभाईंनी सुट्टीच्या वेळा त्या सुताराच्या पायाशी काढल्या. निघताना सुतारानं आपला जुना बेंजो त्यांच्या हातात दिला. त्या संगीताला तिकडे ब्लूग्रास म्हणतात. डोंगरात राहणाऱ्या साध्या माणसांचं, बेंजो, फिडल, गिटार घेऊन अंगणात बसून वाजवायचं, धावतं संगीत. गंमत अशी की ते ऐकायला हसरं असतं आणि गाण्यांचे शब्द पाहावेत तर सगळे घर सोडून आलेल्यांचे.

निवृत्त होऊन कासमभाई गावी आले तेव्हा या बाजाचं कौतुक करणारं चौकात कुणी नव्हतं. मी त्यांच्या घरी मीटर बदलायला गेलो असताना त्यांनी मला दोन चाली ऐकवल्या. बाकी काही कळलं नाही, पण एक गोष्ट कानाला लागली. पाचवी तार आखूड असते आणि तिचा एकच सूर सगळ्या धावपळीत मधूनमधून किणकिणत राहतो. मी म्हटलं, "कासमभाई, दिवेआगरला एक मेजर आहेत. त्यांच्या बाजातही एक सूर थांबतच नाही. एकदा भेटा."

ते दुसऱ्याच दिवशी असरची, दुपार कलतानाची, नमाज आटोपून, बेंजो पोत्यात गुंडाळून, स्कूटरवरून मेजरसाहेबांच्या ओसरीत हजर झाले. मी ओळख करून दिली. मेजरसाहेबांनी एक स्कॉटिश चाल वाजवली. कासमभाई मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पोतं सोडलं आणि बेंजोवर तीच चाल वाजवली. तीच म्हणजे अगदी तीच नव्हे. कुठे वळण वेगळं, चाल दुप्पट वेगाची, पण हाडं तीच. मेजरसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही तुम्हाला कशी काय ठावं?"

"आमच्या सुताराची ही. त्याच्या आज्याच्या आज्यानं स्कॉटलंडातून येताना आनलेली. डोंगरातली मानसं गलबतात बसून पलीकडं गेली, मेजर. बाजा नेता आला न्हाय, चाली नेल्या. तिकडं जाऊन त्या बेंजोवर बसल्या."

"म्हंजे आपले बाजे चुलतभाऊ."

"व्हय. मधी दर्या."

त्या दिवशी ठरलं की दोघांनी मिळून वाजवायचं. ठरवणं सोपं होतं.

पहिली अडचण सुराची. पाइपचा सूर पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नीट बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतो आणि हलत नाही. कासमभाईंनी बेंजोच्या तारा चढवायला घेतल्या. दोन तुटल्या, तिसरी त्यांच्या गालाला लागली. ते म्हणाले, "तुमचा बाजा खाली येत न्हाय, तर मीच वर येतो," आणि आठवडाभरात आले.

दुसरी अडचण मोठी होती. पेटीवाला भाता हळू मारू शकतो, सनईवाला फुंक आवरू शकतो. पाइपला दोनच गोष्टी येतात, वाजणं आणि न वाजणं. एका लग्नाच्या हळदीला दोघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मेजरसाहेबांनी पिशवी भरली आणि बेंजो जो बुडाला तो शेवटपर्यंत वर आला नाही. कासमभाईंची बोटं टोपलीतल्या कोळंबीसारखी उडत होती आणि ऐकू एक अक्षर येत नव्हतं. लोक मेजरसाहेबांकडे बघून नाचत होते. वाजवणं संपल्यावर एक पाहुणे कौतुकानं कासमभाईंना म्हणाले, "तुम्ही हातवारे छान करता." कासमभाईंनी बेंजो पोत्यात घातला, स्कूटरला किक मारली आणि न जेवता निघून गेले. पुढे पंधरा दिवस त्यांनी दिवेआगरचा रस्ता धरला नाही.

मेजरसाहेब स्वतः बोर्लीला गेले. मी बरोबर होतो. त्यांनी माफीबिफी मागितली नाही, त्यांच्या स्वभावात ते बसत नाही. ते म्हणाले, "कासमभाई, उद्या या. तुम्ही ओसरीत बसा, मी चालतो." दुसऱ्या दिवशी कासमभाई ओसरीत बसून वाजवू लागले आणि मेजरसाहेब पाइप वाजवत, तोंड ओसरीकडे ठेवून, पाखाडीवरून, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या दगडी पायवाटेवरून, उलट्या पावलांनी मागे मागे जाऊ लागले. परेडची पावलं, प्रत्येक पाऊल सारखं. मी ओसरीत कान लावून बसलेला. पन्नास पावलांवर बेंजो नुसता जाणवला. ऐंशीवर ऐकू आला. एकशे दहाव्या पावलावर, पाखाडी संपून सुरूचं बन लागतं तिथे, मी हात वर केला. दोन्ही बाजे एकाच मापाचे झाले होते. मेजरसाहेबांनी तिथे एक जांभा दगड पुरला.

त्या दिवशी ओसरीत परत आल्यावर ते म्हणाले, "ज्याचा आवाज मोठा, त्यानं लांब उभं ऱ्हायाचं. बास. यात रडण्यासारखं काय न्हाय." मी बऱ्याच मोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, लाउडस्पीकर लावायला मीच जातो. मोठा आवाज असलेला माणूस आपणहून मागे सरकलेला मी एवढा एकच पाहिला.

तरी गाडं अडलंच. एवढ्या लांब उभं राहिल्यावर, कानाशी तीन नळ्या गुंजत असताना, मेजरसाहेबांना बेंजो ऐकू येणं शक्य नव्हतं. मग ताल कसा धरायचा? कासमभाईंनी गुडघ्याला पांढरा पंचा बांधला आणि गुडघ्यानं ताल धरला. मेजरसाहेबांची लांबची नजर घारीची, जवळचं वाचायला मात्र चष्मा लागतो. पंचा त्यांना स्वच्छ दिसे. पण ओसरीत आम्हाला पाइप दर वेळी किंचित मागून येई. दोघंही चिडले. तुम्ही मागं पडता, न्हाय तुम्हीच पळता, असं चाललं.

इथे माझ्या धंद्यानं मला आयुष्यात एकदाच संगीतात मान मिळवून दिला. दोन खांब पलीकडे आमचा माणूस हातोडा मारतो तेव्हा हातोडा आधी दिसतो आणि ठोका नंतर ऐकू येतो, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं. एकशे दहा पावलं म्हणजे बरोबर दोन खांबांचं अंतर. मी मेजरसाहेबांना सुरूपाशी उभं केलं, ओसरीजवळच्या खांबावर हातोडा मारून दाखवला आणि म्हटलं, "आवाज चालत येतो साहेब, त्याला वेळ लागतो. तुम्ही पंचा हललेला दिसायच्या जरा आधी वाजवा." हे सांगणं सोपं. जो ताल अजून पडलेला नाही तो धरून वाजवायचं, आणि आपल्या जागी ते चुकीचंच वाटत राहणार. मेजरसाहेबांनी त्याच्यावर पूर्ण एक उन्हाळा घालवला. रोज दुपारी मी सुटलो की हातोडा मारायला जायचो. शेवटी एक दिवस ओसरीत कासमभाईंनी वाजवता वाजवता डोळे मिटले. संपल्यावर मेजरसाहेब पाखाडीवरून घाम पुसत आले आणि विचारलं, "कसं झालं?"

"बराबर बसला," कासमभाई म्हणाले.

पुढे अकरा वर्षं हेच प्रश्नोत्तर. दर गुरुवारी आणि रविवारी, असरनंतर सुरू आणि मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजीच्या, आत बंद. कसं झालं? बराबर बसला. मी त्या ओसरीच्या कडेला बसून किती दुपारी घालवल्या याचा हिशेब माझ्या घरी मागितला जातो. त्या दुपारींची मला आज एवढी ओढ लागते की पाखाडीच्या टोकाशी ड्यूटी असली तर मी ती दुसऱ्याला देतो.

मेजरसाहेबांच्या मायेबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलच लिहावं लागेल. मी एकदा खांबावरून पडलो, तीन बरगड्या गेल्या. डॉक्टरांनी खोल श्वास घ्यायला सांगितलं होतं आणि मी दुखतं म्हणून घेत नव्हतो. मेजरसाहेब रोज चार वाजता माझ्या घरी यायचे, हातात सरावाची एक लहान नळी. "फुंका," म्हणायचे. मी कण्हायचो. "कण्हणं पन सुरात येऊ द्या." दीड महिना त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मला त्या नळीवर एक धड चाल आली नाही; हा ग्रंथ शिष्यांच्या लेखांचा असेल तर माझी जागा शेवटच्या बाकावर. श्वास मात्र पुरा येऊ लागला.

मग ते चक्रीवादळ. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, मेजरसाहेबांची निम्मी सुपारी गेली, सुरूचं बन गेलं, आमचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. मोबाइल बंद, भोंगा बंद. आम्हाला एक एक तुकडा दुरुस्त करून लाइन चालू करायची होती, आणि गावभर तारा जमिनीवर. चालू करण्याआधी लोकांना सांगायचं कसं? मेजरसाहेब चौकात आले. स्वतःच्या घरावर तेव्हा पत्रा नव्हता. म्हणाले, "मी वाजवतो. बाजा वाजला की तारांपासून लांब, हे घरोघर सांगा." त्यानंतरचे सगळे दिवस आम्ही लाइन सोडायच्या आधी ते चौकात उभे राहून पाइप वाजवायचे. पाऊस असो, ऊन असो. त्या बाजाच्या मोठ्या आवाजानं आमच्या हद्दीत एकाही माणसाला, एकाही गुराला धक्का लागू दिला नाही. कासमभाई ते ऐकून म्हणाले होते, "आता कळला, खुदानं ह्या बाजाला इतका गळा कशाला दिला तो."

वादळानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात कासमभाई गेले. आजार थोडक्यात आटोपला. पलटणीत साथी गेला की पाइपवर निरोप देतात, पण कब्रस्तानात वाजवायचं नसतं हे मेजरसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी इतरांसारखी तीन मुठी माती दिली. मग बाहेर येऊन कब्रस्तानाच्या भिंतीपासून पावलं मोजली, एकशे दहा, आणि तिथे रस्त्याच्या कडेला पाइप खांद्यावर घेऊन सावधान उभे राहिले. पिशवीत हवा भरली नाही. लोक पांगेपर्यंत ते तसेच उभे होते. मी जवळ जाण्याचं धाडस केलं नाही.

घरी येऊन त्यांनी पाइप पेटीत ठेवला. आज चौथं वर्ष आहे, तो बाहेर आलेला नाही. विहारासमोरही नाही, विसर्जनालाही नाही. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, सांगतात की दर रविवारी ते पेटी उघडून पिशवीला तेल लावतात, नळ्या पुसतात, आणि पुन्हा बंद करतात. "वाजवायचा न्हाय तर तेल कशाला?" वहिनींनी विचारलं. "खराब व्हायला नको," एवढंच उत्तर.

गेल्या गौरी-गणपतीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीत बसलो. कासमभाई बसायचे ती खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. मेजरसाहेब बराच वेळ पाखाडीकडे पाहत होते. मग अगदी सहज, पाऊस कसा आहे विचारावं तसं म्हणाले,

"वायरमन, आमचं वाजवनं इथं ओसरीत कसं लागायचं हो?"

मी काही बोलणार तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मी कधी ऐकलंच न्हाय ना. मी तिकडं असायचो. मला आपला माजाच आवाज. कासमभाई म्हनायचे बराबर बसला, म्हंजे बसला असेल. पन कसा बसला, ते न्हाय कळलं."

अकरा वर्षं मी त्या ओसरीत बसलो आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. एका माणसानं एवढी वर्षं जे घडवलं, ते घडताना ऐकण्याची जागा त्याच्यापासून एकशे दहा पावलांवर होती. दोन बाजे जिथे एक व्हायचे तिथे तो स्वतः कधीच नव्हता. मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, साहेब, छान लागायचं. पाचवी तार आणि तुमच्या नळ्या, त्यांचं काहीतरी व्हायचं. वहिनींना विचारलं तर त्या आतून म्हणाल्या, "मी चुलीपाशी. मला दोघांतलं एकच कळायचं, चहा टाकायची वेळ झाली." मेजरसाहेब हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शोध सुरू केला. एवढ्या वर्षांत एवढ्या पर्यटकांनी मोबाइल रोखले होते, कुणाकडे तरी असणारच. आणि होतंही, मला वीसेक व्हिडिओ मिळाले. सगळे सुरूखालचे. मेजरसाहेबांची पलटणीतली झालरीची पगडी, पट्ट्यापट्ट्यांचा झगा, मागे समुद्र. कोणीही मेजरसाहेबांसमोरच उभा राहणार. सगळ्यांत नुसता पाइप. ओसरीतल्या म्हाताऱ्याचं चित्रण करावं असं एकाही माणसाला वाटलं नव्हतं, आणि त्यात मीही आलो. मला माझा एवढा राग आला की दोन दिवस जेवणात लक्ष लागलं नाही.

शेवटी कासमभाईंच्या मुलीला, शबानाला, मस्कतला निरोप पाठवला. तिचं उत्तर यायला आठवडा गेला. तिनं लिहिलं होतं, "चाचा, अब्बा मला ओसरीतून आवाजाचे मेसेज पाठवायचे. फोन कठड्यावर ठेवून द्यायचे. जुना फोन गेला, त्यात सगळे गेले. एकच राहिलाय. पाठवते." चार मिनिटांचा एक संदेश माझ्या फोनवर आला. मी तो लावला. सुरुवातीला खुर्ची करकरली, आणि कासमभाईंचा आवाज आला, "ऐक गो शबाना, मेजर तिकडं उभा हाय, आता लावतोय." मग लांबून पिशवी भरल्याचा तो पहिला घूं. तिथेच मी फोन बंद केला. पुढचं ऐकण्याचा पहिला हक्क माझा नाही.

आता विनंती. समारंभ मेजरसाहेबांच्याच अंगणात आहे. हा ग्रंथ त्याच दिवशी सकाळी आपल्या हाती पडेल, त्यांच्याही पडेल. काळजी नसावी, त्यांना चष्म्याशिवाय जवळचं वाचता येत नाही आणि चष्मा त्या दिवशी सुमनवहिनींच्या पर्समध्ये हरवलेला असेल, तशी व्यवस्था झाली आहे. वाचणाऱ्यांनी तोंड बंद ठेवावं.

सत्कार झाल्यावर, चारच्या सुमारास, त्या वाडीजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरचा पुरवठा मी काही मिनिटं बंद करणार आहे. आमच्या ऑफिसातल्या साहेबांची लेखी परवानगी घेतली आहे. अर्जात कारण 'देखभाल' असं लिहिलं आहे, आणि ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पंखे थांबतील, फ्रिज थांबतील, माइक बंद पडेल, शेजारच्या वाडीतला पंप थांबेल. कुणी तक्रार नोंदवू नये, घेणारा मीच आहे. बॅटरीवरचा एक लहान स्पीकर कासमभाईंच्या खुर्चीवर ठेवलेला असेल. टाळ्या नकोत, मोबाइल नकोत, वाहवा नको. त्या संदेशाच्या शेवटी कासमभाई काय म्हणतात ते मी ऐकलेलं नाही, पण मला ठाऊक आहे, आणि ते सगळ्यांना ऐकू यायला हवं.

मेजरसाहेब, हे तुम्ही चष्मा सापडल्यावर वाचाल. तुमची छाती भरतीच्या दिवशी होती तशीच राहो, गुडघे पाखाडी चढउतार करत राहोत, लांबची नजर अशीच राहो, आणि वहिनींचा चहा तुम्हाला पुष्कळ, पुष्कळ वर्षं वेळेवर मिळो. ऐकून झाल्यावर पेटी उघडावीशी वाटली तर उघडा, न वाटली तर तेल लावत राहा. आम्ही दोन्हीत राजी आहोत. एकच मागणं आहे, आणि ते त्या दिवशी लाइन बंद करायच्या आधी मी तुमच्या कानातही सांगेन. त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर बंद होऊन कासमभाईंचा आवाज आला की तुमचे पाय सवयीनं पाखाडीकडे वळतील. वळू देऊ नका. सुरूची झाडं राहिली नाहीत, दगडापाशी कुणी उभं असायची गरज नाही. लांब उभं राहून तुम्ही खूप वाजवलंत. आता ओसरीत बसा, साहेब.